शाळेतल्या आरोग्य कार्यक्रमाला स्टाफ साथ देत नाही, काय करावे?

पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापिकांनी विचारले आहे: "आमच्याकडे सहावी ते दहावीच्या दोन-दोन तुकड्या आहेत. दोन शिक्षकांचे आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण झाले. आता बाकीचा स्टाफ म्हणतो, प्रशिक्षण त्यांचे तर काम त्यांचे. लोहाच्या गोळ्यांच्या दिवशी अर्धे लोक दिसेनासे होतात. दोन्ही दूत कंटाळले आहेत, एकाने तर लेखी नकार दिला. वरून अहवाल मागतात. स्टाफला कसे वळवावे?"

मॅडम, स्टाफ नेमका कशाला नाही म्हणतो आहे ते आधी बघा. शालेय आरोग्य तपासणीच्या पथकात डॉक्टर म्हणून मी उमरेड, कुही, पारशिवनी, कामठी या भागांतल्या शाळा बरीच वर्षे फिरलो. आता शिक्षकांची प्रशिक्षणे घेतो. मुलांच्या तब्येतीला विरोध असलेला शिक्षक मला अजून भेटायचा आहे. भेटतात ते घाबरलेले शिक्षक. एका प्रशिक्षणात मागच्या बाकावरून एक सर उठले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गोळी सरकारची, पोट्टं मायबापाचं, अन् काही झालं तर धरतीन मले. मी कायले देऊ?" सगळे हसले. पण त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात तेच होते. आणि त्याचे उत्तर डॉक्टरकडे नसते, मुख्याध्यापकांकडे असते.

म्हणून गोळ्यांपासूनच सुरुवात करू, कारण तुमचे लोक गायब होतात ते त्याच दिवशी.

सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. औषध म्हणून ते साधेच आहे. पण रिकाम्या पोटी घेतले तर मळमळते, पोटात दुखते, कधी उलटी होते, शौचाला काळी होते. यातले काहीही धोक्याचे नाही, मात्र हे आधी सांगितले नसेल तर सगळेच धोक्याचे वाटते. एका मुलीला उलटी झाली की दहा मिनिटांत आणखी पाच-सहा जणी डोके धरून बसतात. त्या नाटक करत नसतात. भीतीने खरोखर गरगरते, हातपाय गार पडतात. तेवढ्यात कोणीतरी घरी फोन करते, गेटवर पालक जमतात, एखादा मोबाईल वर करून व्हिडिओ काढू लागतो. ज्या मॅडमने गोळी दिली त्या त्या दिवशी जे ऐकून घेतात ते पुढची पाच वर्षे विसरत नाहीत. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे चार जणही विसरत नाहीत. तुमच्या शाळेत असे काही घडले नसेल, तर शेजारच्या शाळेत घडलेले त्यांनी ऐकलेले आहे.

यावर उपाय भाषणाचा नाही, कागदाचा आहे. तुमच्या सहीचे अर्ध्या पानाचे पत्र काढा. हा शासनाचा कार्यक्रम आहे, शिक्षक माझ्या लेखी सूचनेवरून गोळी देत आहेत, कोणत्याही मुलाला काही त्रास झाला तर पालकांशी मी स्वतः बोलेन, असे त्यात स्पष्ट लिहा. त्याची प्रत स्टाफरूममध्ये लावा, एक शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात घ्या. "आम्ही पाठीशी आहोत" हे तोंडी सगळेच म्हणतात. सही केल्यावर स्टाफचा चेहरा कसा बदलतो ते बघा.

मग गोळीची वेळ. प्रार्थनेनंतर लगेच वाटप करणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. सकाळच्या शाळेत निम्मी मुले फक्त चहा पिऊन आलेली असतात, आणि चहा तर लोह शरीरात नीट शोषू देत नाही. सहावी ते आठवीला पोषण आहारानंतर द्या. नववी-दहावीला तो आहार नसतो, हे अनेक नियोजनांत विसरले जाते. त्यांना डबा खाऊन झाल्यावर द्या. डबा न आणणाऱ्या मुलांची त्या दिवशीची सोय आधी करून ठेवा, नाहीतर तेच मूल चक्कर येऊन पडेल. संत्र्याचे दिवस असतील तर डब्यात संत्रे आणायला सांगा. क जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते आणि मुलांनाही मजा वाटते. ताप असलेल्या, आजारी मुलाला त्या दिवशी गोळी नाही. जबरदस्ती कोणालाच नाही. वर्गशिक्षिकेने मुलांसमोर स्वतः एक गोळी घेतली तर निम्मी भीती तिथेच जाते. आपल्याकडे किती शिक्षिकांचे हिमोग्लोबिन कमी असते हे पाहता ती त्यांनाही उपयोगीच पडते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिवसालाही हेच नियम लावा. अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते, आणि त्या दिवशी राहिलेल्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो. त्यामुळे आजारी मुलाला "आजच घे" म्हणण्याचे काही कारण नाही.

आणि नागरी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात हवा. त्यांना गोळ्यांचा दिवस आधी कळवा. शिक्षकाने काय करायचे ते चार वाक्यांत ठरवून द्या: त्रास होणाऱ्या मुलाला गर्दीपासून दूर, हवेशीर खोलीत नेऊन झोपवायचे, थोडे थोडे पाणी द्यायचे, एक मोठा माणूस जवळ बसवायचा, मुख्याध्यापकांना कळवायचे. बाकीचे निर्णय तुमचे. शिक्षकाला निर्णय घ्यावा लागणार नाही एवढी खात्री मिळाली की तो गोळ्यांच्या दिवशी वर्गात सापडतो.

आता सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. राज्यभराच्या प्रशिक्षणात या विषयाला थोडीशी जागा मिळते, पण नागपुरात आणि एकूणच विदर्भात तो पहिल्या पानावर हवा. ज्यांनी हा आजार इथल्या वस्त्यांमधून लोकांसमोर आणला त्या नागपूरच्या संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. हे सगळे ठीक. पण तुमच्या शाळेत याचा अर्थ असा की दर वर्षी एखादा तरी मुलगा किंवा मुलगी अशी असणार, जिला महिन्यातून चार दिवस हाडे फुटल्यासारखी दुखतात आणि जिच्या हजेरीवर "वारंवार गैरहजर" असा शेरा पडतो.

इथे स्टाफला आजार समजावून सांगायचे कष्ट फार घेऊ नका. कोणी काय करायचे तेवढे सांगा. पीटीच्या सरांना हे कळले पाहिजे की मुलगा मध्येच खाली बसला तर तो कामचुकार नाही. त्याला उन्हात उभे करायचे नाही, धावायची शिक्षा द्यायची नाही. वर्गशिक्षकाने त्याला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यायची आणि लघवीला जायचे तर न विचारता जाऊ द्यायचे, कारण अंगातले पाणी कमी झाले की वेदना सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहाच्या खाली जातो, त्या दिवसांत सकाळच्या प्रार्थनेला त्याला स्वेटर काढायला लावू नका, गणवेश गेला खड्ड्यात. आणि काही लक्षणे अशी की पालक येईपर्यंत थांबायचे नाही: ताप, छातीत दुखणे किंवा धाप, चेहरा अचानक पांढराफटक पडून पोट फुगणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे. १०८ ला फोन करायचा आणि पालकांनाही लगेच सांगायचे.

आपल्याकडे लोक "एएस पॅटर्न", "एसएस पॅटर्न" असे म्हणतात. एएस म्हणजे वाहक. वाहक मुलाला सहसा काही त्रास नसतो, त्याला खेळातून काढायचे काही कारण नाही. एसएस म्हणजे रुग्ण. एका शाळेत तपासणीनंतर एएसच्या वीसेक मुलांना सरसकट कबड्डीतून बाहेर बसवले होते. कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पुन्हा तीच भीती, पोरगा पडला तर नाव माझे. पण तो शिक्का त्या मुलांच्या घरी लग्नाच्या गोष्टी निघण्यापर्यंत जाऊन पोचला. म्हणून ही यादी स्टाफरूमच्या फळ्यावर नको, ग्रुपवर तर नकोच. तुमच्या कपाटात ठेवा आणि ज्याच्या वर्गात ते मूल आहे त्यालाच सांगा, तेही पालकांना विचारून. लोहाच्या गोळीचाही इथेच संबंध येतो: ज्या मुलाला वरचेवर रक्त चढवावे लागते त्याच्या अंगात लोह आधीच साचत असते. थॅलेसेमियाचे किंवा सिकलसेलचे असे मूल असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निळी गोळी द्यायची नाही. हे एक वाक्य दूतांच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

या कामात सर्वांत उपयोगी माणूस बहुधा तुमचे बाबू असतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र असलेल्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेत सवलत मागता येते, पण अर्ज वेळेत गेला तर. तो अर्ज शिक्षक भरत नाही, कार्यालय भरते. कार्यालयातल्या माणसाला कार्यक्रमात घेतलेली शाळा मी फार कमी पाहिली.

आता कागद आणि वेळ. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात ११ विषय आहेत: भावनिक आरोग्य, पोषण, व्यसन, इंटरनेटचा सुरक्षित वापर, स्त्री-पुरुष समानता वगैरे. आठवड्याला एक तास, वर्षात २४ आठवडे, शाळेमागे आरोग्यदूत म्हणून दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. तुमच्याकडे १० तुकड्या आहेत. प्रत्येक तुकडीला आठवड्यात एक तास म्हणजे दहा तास, दोघांत पाच-पाच. ज्या शिक्षकाच्या आठवड्याला आधीच तीसेक तासिका आहेत, वर बीएलओचे म्हणजे मतदारयादीचे काम, स्कॉलरशिपचा जादा वर्ग, यूडायसची म्हणजे शाळेच्या सरकारी आकडेवारीची माहिती, त्याच्यावर आणखी पाच तास टाकून तो हसत काम करील ही अपेक्षा कुठल्या हिशेबात बसते? ज्याने लेखी नकार दिला त्याच्यावर रागावू नका. त्याने गणित केले आहे.

दूतांनी सगळे तास घ्यायचे नाहीत. तास वर्गशिक्षकाने घ्यायचा. दूताने तो कसा घ्यायचा ते आदल्या आठवड्यात पंधरा मिनिटांत दाखवायचे आणि अवघड विषयाच्या दिवशी वर्गात सोबत उभे राहायचे. वयात येण्याचा विषय, नात्यांचा विषय, यांना सोबत लागतेच. यासाठी वेळापत्रकात सर्व वर्गांना एकच ठरलेली तासिका द्या, शुक्रवारची शेवटून दुसरी वगैरे. शेवटची देऊ नका, ती सगळे आधीच सोडून दिलेली असते. आणि मुख्य म्हणजे दूतांकडून काहीतरी काढून घ्या. बदली तासिका, स्नेहसंमेलनाची जबाबदारी, परीक्षा विभाग, काहीही चालेल, पण काढून घेतलेले बाकीच्या स्टाफला दिसले पाहिजे. नवे काम देताना जुने उतरवले जाते हे दिसले की पुढच्या वर्षी दूत व्हायला लोक स्वतः विचारतात.

एक सूचना जरा कडक शब्दांत करतो. दूत म्हणून शिक्षणसेवकाला नेमू नका. तो नाही म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्याच गळ्यात पडते, आणि त्याने सांगितलेले सीनियर लोक ऐकत नाहीत. मधल्या सुट्टीत मुले ज्यांच्याभोवती घोटाळतात अशा दोन व्यक्ती प्रत्येक शाळेत असतात. त्या बहुधा विज्ञानाच्या नसतात. मराठीच्या, चित्रकलेच्या, कधी ग्रंथालयाच्या मॅडम. त्या घ्या.

नोंदवह्या एकत्र करा. गोळ्यांची वेगळी, जंतनाशकाची वेगळी, तासांची वेगळी, हात धुण्याची वेगळी, अशा पाच-सहा वह्यांत एकाच मुलाचे नाव लिहून शिक्षक वैतागतात. हजेरीपटाच्या मागच्या पानावर रकाने आखून एकच नोंद ठेवली तरी मागणाऱ्याला हवी ती माहिती त्यातून काढता येते. केंद्रप्रमुखांशी एकदा बोलून घ्या, ते बहुतेक वेळा मान्य करतात, कारण त्यांनाही तेच पुन्हा पुन्हा तपासायचा कंटाळा असतो. आणि फोटो! वजनकाट्यावर उभ्या असलेल्या मुलीचा, तोंड उघडून गोळी गिळणाऱ्या मुलाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही असे लेखी जाहीर करा. मुलांना लाज वाटते, शिक्षकांचा तास फोटोत जातो, आणि चांगला फोटो आला की काम झाले असे सगळ्यांना वाटू लागते. पुरावा हवाच असेल तर फळ्याचा फोटो काढा.

स्टाफची स्वतःची तब्येत हा भाग लोक शोभेचा समजतात. मी उलटे म्हणतो. अमेरिकेत २०१४ मध्ये सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था आणि तिथल्या एका शिक्षणसंस्थेने शालेय आरोग्याची जी दहा अंगे मांडली, त्यांत कर्मचाऱ्यांचे आरोग्य हे एक स्वतंत्र अंग आहे. आपल्याकडे मात्र तपासणीचे पथक शाळेत येते, मुलांचे दात, डोळे, वजन बघते, आणि बाजूला उभे असलेले पन्नाशीचे सर बीपीची गोळी सकाळी विसरून आलेले असतात. नागपूरहून भिवापूर-रामटेकला अप-डाऊन करणाऱ्या मॅडम घरून साडेपाचला निघतात, शाळेत बायकांसाठी धड शौचालय नसते म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत आणि वर्षातून दोनदा लघवीच्या जंतुसंसर्गाने आजारी पडतात. त्यांनीच मुलींना सांगायचे, भरपूर पाणी प्या. मुलींनाही कळते.

म्हणून वर्षाची पहिली तपासणी स्टाफची करा. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, साखर, तोंडाची तपासणी आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. केंद्राला पत्र द्या, शाळेत बीपी-साखरेपुरती येण्याची विनंती करा, बाकीसाठी गटागटाने पाठवा आणि त्या अर्ध्या दिवसाची रजा कापू नका. निकाल ज्याचे त्याला, बंद पाकिटात. कोणाची साखर किती हे स्टाफरूममध्ये चघळले गेले की पुढच्या वर्षी कोणी येत नाही. वजन कमी करायच्या स्पर्धा वगैरे कृपया ठेवू नका. त्यातून फक्त दोन-तीन लोकांची टिंगल होते. त्याऐवजी स्टाफच्या शौचालयाला कडी, नळ आणि दिवा लावा. मला विचाराल तर तुमच्या आरोग्य कार्यक्रमावरचा पहिला खर्च हाच असावा.

आणि खर्रा. नागपूरच्या शाळेबद्दल लिहायचे आणि खर्ऱ्यावर बोलायचे नाही हे होणार नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा प्रत्येक चौकात मिळतो. सहावी-सातवीतली मुले तो खातात. तुमच्या स्टाफमध्येही खाणारे आहेत, हे तुम्हाला माहीत आहे आणि मुलांना तर नक्कीच माहीत आहे. व्यसनमुक्तीच्या तासाला गालात तोबरा धरून उभे राहिलेले सर हा विनोद नाही, मी पाहिलेले आहे. त्यांना कार्यक्रमाचा शत्रू समजू नका. सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. आपली स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, एवढी तपासणी स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांना एकदम करायला लावा. कोणाचे नाव घ्यायची गरज पडत नाही. ज्याची बोटे अडतात तो गप्प बसतो आणि मीटिंगनंतर एकटा येऊन विचारतो. त्याला मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवा, १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याचा मोफत फोन द्या. असा एक सर खर्रा सोडतो तेव्हा त्याच्या तासाला मुले जे ऐकतात ते माझ्या स्लाइड्समधून कधी ऐकणार नाहीत.

शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. पण पानठेला हटवायची जबाबदारी एकट्या दूतावर टाकू नका. ठेलेवाला त्याच वस्तीतला असतो, त्याची मुले तुमच्याच शाळेत असतात, आणि संध्याकाळी दूताला त्याच रस्त्याने घरी जायचे असते. तक्रार शाळेच्या लेटरहेडवर, समितीच्या ठरावासह, तुमच्या सहीने जाऊ द्या.

मन आणि सुरक्षितता या विषयांत शिक्षकांची भीती वेगळी असते. मुलाने काही सांगितले तर मी काय करू, ही. इथे त्यांना समुपदेशक बनवायला जाऊ नका, दोन दिवसांच्या प्रशिक्षणात कोणी समुपदेशक होत नाही. त्यांनी ऐकून घ्यायचे, "कोणाला सांगणार नाही" असे वचन द्यायचे नाही, आणि त्याच दिवशी तुमच्याकडे यायचे. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारक आहे. शाळेच्या अब्रूसाठी आतल्या आत मिटवणे हा गुन्हा आहे, हे स्टाफला तुमच्या तोंडून ऐकू द्या. मरणाची भाषा करणाऱ्या मुलाला एकटे सोडायचे नाही, पालक येईपर्यंत कोणीतरी सोबत, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६, चाइल्डलाइनचा १०९८ हे नंबर भिंतीवर. हे सगळे लोक सांगतात. सांगत नाहीत ते असे की ज्या मॅडमने ते ऐकून घेतले त्यांना त्या दिवशीचा पुढचा तास घ्यायला लावू नये. त्यांना चहा द्या, दार लावून दहा मिनिटे बोला, आणि पुढे त्या मुलाचे काय झाले ते त्यांना कळवा. ऐकणारा माणूस एकटा पडला की पुढच्या वेळी तो ऐकायचे टाळतो.

स्टाफ म्हणजे फक्त हजेरीपटावर सही करणारे नव्हेत. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना माहीत असते कोणते मूल सोमवारी दोनदा वाढून घेते, कारण रविवारी घरी नीट जेवलेले नसते. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. तो ताईंना कोणी सांगितलेला नसतो; त्यांना तांदूळ आणि डाळ किती घ्यायची तेवढे कळते, आणि डाळ कमी आली तर बोलायची हिंमत नसते. चव रजिस्टरवर सही करणाऱ्या शिक्षकाने खरोखर चव घेतली, तर त्यांच्या वतीने बोलणारा एक माणूस तयार होतो. शिपाई काकांना माहीत असते कोण रोज शौचालयाच्या मागे जाऊन बसते. एका शाळेत काकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, ते पोरगी डबा आणतच नाही. रिकामा डबा उघडून बसते अन् पाणी पिऊन राहते." वर्गात पन्नास मुले असलेल्या शिक्षिकेला ते दिसणे कठीण होते. ऑटोवाल्यांनाही फिट आली तर काय करायचे ते शिकवा: कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचे, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

सुरुवात जुलैतच करा, पण गोळ्यांनी नको. आपली शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडते आणि पहिला महिना पुस्तके, गणवेश, प्रवेश यातच जातो. पहिल्या स्टाफ मीटिंगला कोऱ्या चिठ्ठ्या वाटा आणि एकच प्रश्न विचारा: या कार्यक्रमात तुम्हाला कशाची भीती वाटते? नाव लिहायचे नाही. शिपाई, बाबू, आहारवाल्या ताई, सगळ्यांना चिठ्ठी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची कोणीतरी लिहून घ्यावी. त्यातल्या ज्या गोष्टी तुमच्या सहीने सुटतात त्या त्याच आठवड्यात सोडवा, आणि सोडवल्या हे फळ्यावर लिहा. उरलेल्या घेऊन नागरी आरोग्य केंद्रात जा. जाल तेव्हा तपासणी पथकाच्या भेटीची तारीखही मागून घ्या, घटक चाचणीच्या आठवड्यात पथक आले की स्टाफ चिडतो आणि मुलेही घाईत तपासली जातात.

पथक येऊन गेल्यावर ज्या मुलांना पुढे पाठवले जाते, मेडिकल-मेयोसारख्या सरकारी रुग्णालयांत, डोळ्यांसाठी, कानांसाठी, त्यांच्यातली बरीच मुले कुठेच जात नाहीत. बापाची रोजी बुडते, ओपीडीची वेळ माहीत नसते. वर्गशिक्षकाने महिन्याने एकदा "जाऊन आलास का" असे विचारणे एवढेच काम ठेवा. नाही म्हणाला तर नाव तुमच्याकडे, आणि तुम्ही पालकांना फोन करायचा. ज्या सरांनी लेखी नकार दिला आहे त्यांना दूतपदातून मोकळे करा आणि हे एवढेच काम त्यांच्या स्वतःच्या वर्गापुरते द्या. ते करतील असे मला वाटते.